साइझचा आकडा आणि अंगाचं माप



बूट आणि मोज्यांवरचा भाग झाल्यावर सगळ्यात जास्त विचारणा कसली झाली असेल, तर बायकांच्या कपड्यांची. इंदूरहून, बडोद्याहून, बंगळुरूहून. एका ताईंचं म्हणणं असं: "कर्नलसाहेब, पायाच्या मापावर तासभर बोललात, आता आमच्या कुर्त्यावर बोला. एका दुकानात एम बसतो, शेजारच्या दुकानात एलसुद्धा चढत नाही. खांदे बसले तर छातीवर ताणतो, छाती बसली तर खांदे दंडावर उतरतात. आम्हीच वेड्यावाकड्या आहोत का?"

नाही ताई. पण हे नुसतं धीर देण्यासाठी म्हणत नाही, त्यामागे नोकरीचा अनुभव आहे. मी सैन्याच्या ऑर्डनन्स कोअरमध्ये होतो. ऑर्डनन्स म्हटलं की लोकांना तोफगोळे आठवतात. पण जवानाची टोपी, शर्ट, पॅंट, कोट, बूट, मोजे, बर्फातला जॅकेट, हे सगळंसुद्धा ऑर्डनन्सच्याच हातून जातं. शहाजहानपूर आणि अवाडीच्या कारखान्यांत शिवलेल्या कपड्यांच्या गठड्या मोजण्यात आणि वाटण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. म्हणून 'साइझ' नावाची वस्तू कुठून येते ते मी गोदामाच्या बाजूने पाहिलेलं आहे. तुम्ही ती ट्रायल रूमच्या आरशातून पाहता. फरक तिथेच पडतो.

गोदामात काय होतं ते सांगतो. आठशे माणसांची पलटण आहे. प्रत्येकाचं अंग वेगळं. पण आठशे प्रकारचे शर्ट ठेवता येत नाहीत. प्रत्येक साइझला वेगळी रॅक, वेगळी नोंद, वेगळी मागणी. म्हणून मोजक्या साइझ ठरवायच्या आणि शंभर शर्टांत कुठल्या साइझचे किती, याचा एक तक्ता करायचा. त्याला आम्ही साइझ रोल म्हणतो. गोरखा पलटणीचा साइझ रोल वेगळा आणि जाट पलटणीचा वेगळा, हे उघड आहे. तरीही टोकाच्या साइझ, म्हणजे अगदी लहान आणि अगदी मोठ्या, नेहमी कमीच पडतात. कारण त्या कमी मागवल्या जातात. दुकानदारही हेच करतो. मधल्या साइझ भरपूर, टोकाच्या दोन-दोन. पहिल्या आठवड्यात त्या संपल्या की म्हणतो, "मॅडम, तुमच्या साइझमध्ये येतच नाही."

तेव्हा साइझ ही गोदामाची सोय आहे. एवढं एक वाक्य आजच्या भागातून लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

आणि पुढची गोष्ट ऐका. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात जवान कसा दिसतो? अंगावर ओतल्यासारखा युनिफॉर्म. तो गोदामातून तसा आलेला नसतो. इश्यू झालेला शर्ट जवान आधी पलटणीच्या मास्टरजीकडे नेतो. मास्टरजी बाजूने दाबतो, बाही कमी करतो, पॅंटची मोहरी बसवतो, मग तो शर्ट 'युनिफॉर्म' होतो. इतक्या वर्षांत एकाही जवानाच्या तोंडून मी असं ऐकलं नाही की "साहेब, शर्ट बसत नाही, माझीच छाती चुकलीय." त्याच्या मते शर्ट चुकलेला असतो आणि तो दुरुस्त करायचा असतो. उलट आमच्या घरातल्या, नात्यातल्या किती बायका ट्रायल रूममधून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येताना पाहिल्यात. "जाड झालेय मी." "माझे खांदेच पुरुषी आहेत." "माझं पोट..." कपडा तिथेच टाकतात आणि दोष अंगावर घेऊन घरी येतात. मग लग्नाला जायला नको, फोटो काढायला नको, फिरायला जायला नको. ही साधी गोष्ट नव्हे.

थोडा इतिहास, कारण आकड्यांचा रुबाब उतरवायला तोच उपयोगी पडतो.

पुरुषांच्या तयार कपड्यांचे साइझ सैन्यांमुळे रुळले. अमेरिकेच्या यादवी युद्धात लाखो गणवेश झटपट शिवायचे होते, तेव्हा छातीच्या मापावरून बाकीची मापं अंदाजाने धरता येतात हे ध्यानात आलं. पुरुषांच्या सैलसर कोटाला ते चाललं. बायकांना मात्र हे एका मापाचं गणित मुळातच लागू पडत नाही. छाती ३८ असलेल्या दोन बायकांची पाठ, कंबर आणि नितंब सारखे असतील याची काहीच खात्री नाही. तरी गणित तेच लावलं गेलं. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली, प्रत्येकीची ५९. पण हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या. त्या आकड्यांवरून १९५८ मध्ये तिथे सरकारी प्रमाण साइझ ठरले. त्या तक्त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की बाईला लहान आकडा बसला की ती खूश होते आणि कपडा घेते. मग आकडा तोच ठेवून कपडा मोठा करत नेला. १९८३ मध्ये सरकारने ते प्रमाण काढूनच घेतलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा एम आपापला. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रँडांनी अशाच परदेशी तक्त्यांत थोडा फेरफार करून काम भागवलं. जिच्यासाठी तक्ता बनलाच नव्हता ती कोल्हापूरची किंवा कटकची बाई त्यात 'बसत' नाही, यात नवल ते काय?

आणखी एक किस्सा सांगतो, मला फार आवडतो. १९४५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने स्पर्धा ठेवली. एका डॉक्टरने आणि शिल्पकाराने मिळून हजारो तरुणींच्या मापांची सरासरी काढून 'नॉर्मा' नावाचा पुतळा केला होता. त्या पुतळ्याच्या मापाशी कोणाचं अंग जुळतं, ही स्पर्धा. ३,८६४ जणी उतरल्या. नऊ मापं होती. नऊच्या नऊ जुळणारी एकही नाही. नवापैकी पाच जुळणाऱ्यासुद्धा चाळीसहून कमी. काही वर्षांनी अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांवर दहा मापं तपासली, तिथेही दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेला एकही गडी निघाला नाही. त्यांनी काय केलं? वैमानिक बदलले नाहीत. खुर्ची, पट्टे आणि पेडल पुढेमागे सरकतील असे केले. मला वाटतं प्रत्येक ट्रायल रूममध्ये हे चौकटीत लावून ठेवावं.

आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' नावाचं काम हाती घेतलं: १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, दिल्ली, मुंबई, कोलकाता, शिलाँग अशा देशाच्या सहा भागांतल्या शहरांत. चांगलंच काम आहे. पण तक्ता भारतीय झाला म्हणून तो तुमच्या एकटीचा होणार नाही. साइझ तेव्हाही गोदामाचाच असेल, फक्त गोदाम आपलं असेल.

आता कामाचं बोलू.

पहिला प्रश्न नेहमी हा: कपडा कुठे टांगलेला आहे? कुर्ता, ब्लाउज, ड्रेस खांद्यावर टांगलेले असतात. सलवार, पॅंट, परकर कंबरेवर किंवा नितंबावर. जिथे टांगलेला आहे तिथे तो आधी बसला पाहिजे. कुर्ता घेताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी येते का ते पाहा, बाकी सगळं नंतर. कारण खांदा दुरुस्त करायचा तर बाही पूर्ण उसवावी लागते, मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि टेलर तोंड वाकडं करून दुप्पट पैसे मागतो. बाजूची शिवण दाबणं, उंची कमी करणं, बाही आखूड करणं ही मात्र अर्ध्या तासाची कामं.

पण एक अट. खांदा बसला आणि छातीवर किंवा नितंबावर ताणला तर तो कुर्ता घेऊ नका. मोठा कपडा लहान करता येतो, लहान मोठा होत नाही. तयार कपड्याच्या आत माया जेमतेम अर्धा इंच सोडलेली असते आणि तीही ओव्हरलॉक मारून कापून टाकलेली. उसवायला गेलात तर हातात चिंध्या येतात. म्हणून ज्यांचे खांदे अरुंद आणि खालचा घेर मोठा, त्यांनी घेराला बसेल असा घ्यावा, नाहीतर खालून घेरदार असलेला घ्यावा: कळ्यांचा, किंवा कंबरेखाली फाकत जाणारा. तिथे नितंबाचं माप आडवं येतच नाही.

बायकांच्या अंगाला सफरचंद, नासपती, वाळूचं घड्याळ अशी नावं देण्याची एक पद्धत आहे. मला ती आवडत नाही, माणूस काही मंडईत ठेवलेला नसतो. शिवाय ज्या घड्याळाच्या आकारावर बहुतेक कपडे बेतले जातात, तो आकार किती जणींचा असतो? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात सहा हजारांवर बायकांच्या मापांचा अभ्यास झाला, त्यात असा आकार निघाला सुमारे ८ टक्के जणींचा. खांदे, कंबर, नितंब जवळजवळ एका रेषेत, अशा ४६ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका एका सरळ रेषेत उभ्या आहेत आणि दुकान आठ टक्क्यांसाठी शिवतंय. फळांची नावं सोडा. आपलं कुठलं माप तक्त्याच्या पुढे जातं आणि कुठलं मागे राहतं, एवढंच बघा.

उंचीचं तर कोणी बोलतच नाही. आमच्या सौभाग्यवती पाच फुटांच्या आतल्या. कुर्ता घेतला की लोक म्हणतात, खालून कापून घे. पण कुर्त्याची कंबर जिथे आत घेतलेली असते, ती जागा त्यांच्या कंबरेच्या खाली, नितंबावर येते. तिथे कपडा अडकतो, वर पोटावर चोळामोळा होतो, आणि बिचाऱ्या पोटाला नावं ठेवतात. खालून कापून हे कसं सुटेल? त्यांनी कंबरेला आकार न दिलेला सरळ कुर्ता घ्यावा, किंवा कंबरेची जागा वर घेऊन मग बाजू शिवून घ्याव्यात. उंच बायकांचं उलट: त्यांची कंबर कुर्त्याच्या कंबरेखाली जाते आणि बाजूचा कट नको तितक्या वरून सुरू होतो.

सुरकुत्या वाचायला शिका, नकाशा वाचतात तशा. आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे घट्ट. उभ्या सैल घड्या म्हणजे तिथे कापड जास्त. तिरकी सुरकुती बाणासारखी असते, ती जिकडे बोट दाखवते तिथे कापड कमी पडलंय. काखेतून छातीकडे जाणारी असेल तर छातीला जागा कमी. बाजूचा कट उभं राहिल्यावर फाकतो? नितंबाला कमी. मानेमागे आडवी वळी जमते? पाठ सपाट आहे आणि कापड लांब. दोन आरसे असतील तर पाठ जरूर पाहा. आपल्या पाठीची आपल्याला खबरच नसते.

यानंतर ट्रायल रूममध्ये थोडी कवायत. दोन्ही हात वर, बसमधला दांडा पकडल्यासारखे. कुर्ता सगळा वर चढला तर मुंढा फार खोल आहे. लोकांना वाटतं सैल मुंढा म्हणजे हात मोकळा. खरं उलटं आहे. मुंढा काखेजवळ असेल तर हात एकटा वर जातो. मुंढा खाली लोंबत असेल तर हात उचलला की बाही अख्ख्या कुर्त्याला ओढून नेते. मग खाली बसा. जमलं तर मांडी घाला. बसल्यावर नितंबाचा आणि पोटाचा घेर वाढतो, उभ्याने बसलेली पॅंट बसल्यावर काचते. दुकानदार बघत राहिला तर राहू दे.

लेबलवरच्या आकड्याबद्दल एक. '३८' लिहिलेलं असेल तर विचारा, हे अंगाचं माप की कपड्याचं? न ताणणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्याला अंगापेक्षा दोन ते चार इंच जास्त सैल लागतो. म्हणजे ३८ छातीला कुर्ता प्रत्यक्षात चाळीस-बेचाळीसचा हवा. विचारायची भीड वाटली तर कुर्ता टेबलावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. माप सेंटीमीटरमध्ये दिलं असेल तर अडीचने भागलंत की इंच साधारण निघतात. होजिअरीचं, ताणलं जाणारं कापड असेल तर हे गणित लागू नाही, ते अंगाबरोबरच असतं. दिल्लीच्या सरोजिनी नगरात किंवा तिरुप्पूरला निर्यातीतून उरलेला माल स्वस्त मिळतो, तो युरोप-अमेरिकेतल्या अंगांसाठी शिवलेला असतो. बाह्या लांब आणि धड लांब निघालं तर आश्चर्य नको. घरबसल्या मागवतानाही हीच युक्ती: आपल्याला उत्तम बसणारा एक कुर्ता सपाट मोजून ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून पाहायचं. एस, एम, एल बघूच नका.

आता ब्लाउज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण घरोघरचं भांडण इथेच असतं.

आपल्या आजीला साइझचा प्रश्न नव्हता. लुगडं न शिवलेलं. बाळंतपणात पोट वाढलं, वयाने अंग सुटलं किंवा आटलं, लुगडं तेच, निऱ्या कमी-जास्त. खणाची चोळी पुढे गाठीने बांधायची, म्हणजे घट्ट-सैल आपल्या हातात. सगळं सरकतं होतं, त्या विमानाच्या खुर्चीसारखं. हुकांचा ब्लाउज आला आणि माप एका जागी खिळलं.

टेलर काय करतो? छातीचा घेर घेतो, समजा ३८, त्याचे चार भाग करतो, आणि त्यावरून पुढचा-मागचा भाग कापतो. आता एकीची पाठ रुंद आणि स्तन लहान, दुसरीची पाठ अरुंद आणि स्तन भरलेले. दोघींचा घेर ३८. टेलरने दोघींना एकच ब्लाउज शिवला. पहिलीचा पाठीवर ताणतो आणि पुढे पोकळ राहतो. दुसरीचे हुक फाकतात आणि खांदे घसरतात. दोघीही म्हणतात, टेलर बिघडला. टेलर म्हणतो, माप बरोबर होतं. दोघांचंही खरं आहे. माप अपुरं होतं.

म्हणून टेलरला दोन घेर द्या. एक काखेतून, स्तनांच्या वरून, आणि दुसरा स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून. दोन्हींतला फरक लहान असेल तर साधे टक्स पुरतात. फरक मोठा असेल तर साध्या टक्सने भागत नाही. कटोरी किंवा प्रिन्सेस कट सांगा, कारण त्यात वाटीची खोली शिवणीत विभागली जाते. त्याशिवाय आणखी दोन मापं आग्रहाने घ्यायला लावा: खांद्यापासून स्तनाग्रापर्यंतची उंची आणि दोन स्तनाग्रांमधलं अंतर. टक्सचं टोक तिथे आलं पाहिजे. वयाबरोबर ही जागा खाली येते. 'मापाचा ब्लाउज' म्हणून दहा वर्षांपूर्वीचा ब्लाउज दिलात तर टेलर दहा वर्षांपूर्वीच्या तुम्हाला शिवून देतो. मापाचा ब्लाउज जरूर द्या, पण नवी मापंही द्या, आणि जुन्यात काय खटकतं ते तोंडाने सांगा.

बाकी लहानसहान: सुती अस्तर आधी भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. माया दोन्ही बाजूंनी भरपूर सोडायला सांगा. कापड तुमचं आहे, कापून त्याच्याकडे कशाला ठेवायचं? पुढचा आणि मागचा गळा दोन्ही रुंद-खोल केले तर खांद्याला धरायला काही उरत नाही, तिथे मागे नाडी हवीच. खांदा आखडणाऱ्यांनी हुक पुढेच ठेवावेत, फॅशन काही म्हणो.

आता ज्यावर बोलताना काहींना संकोच वाटेल त्याविषयी. अंतर्वस्त्रं. बुलेटप्रूफ जॅकेटवर बोललो तेव्हा कोणी संकोचलं नव्हतं. प्रश्न तोच आहे, ओझं कुठे टेकतं? पाठीवरची सॅक खांद्याच्या पट्ट्यांवर लटकवून चालणारा शिकाऊ जवान संध्याकाळी मान धरून बसतो. जुना जवान कंबरेचा पट्टा आवळतो आणि वजन खाली घेतो. ब्रेसियरचंही तसंच. वजन छातीखालच्या पट्ट्याने उचलायचं असतं, खांद्यावरच्या पट्ट्या नुसत्या जागेवर ठेवायला. खांद्यावर वळ उठत असतील आणि पट्टा पाठीवर वर चढत असेल, तर पट्टा सैल आहे आणि वाटी बहुधा लहान. पट्ट्याचा आकडा एकाने खाली, वाटीचं अक्षर एकाने वर: ३६ बी ऐवजी ३४ सी. वाटीची जागा दोन्हींत जवळपास तेवढीच असते, कारण अक्षराचा अर्थ आकड्यावर अवलंबून आहे. मानदुखी आणि खांदेदुखीच्या गोळ्या घेण्याआधी एकदा हे तपासून पाहा.

आणि सैन्याचंच उदाहरण हवं असेल तर: अमेरिकी सैन्यातल्या बायका वर्षानुवर्षं पुरुषांच्या बुलेटप्रूफ जॅकेटचा सगळ्यात लहान साइझ वापरत होत्या. बसलं की ते मांडीवर टेकून वर हनुवटीशी यायचं, रायफलचा दस्ता खांद्याला नीट लागायचा नाही. २०१३ च्या सुमारास बायकांच्या अंगासाठी वेगळं जॅकेट अफगाणिस्तानात पोहोचलं. 'लहान पुरुष' म्हणजे बाई नव्हे, हे कळायला जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याला इतकी वर्षं लागली. आपल्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यांच्या मापांचा विचार गोदामाने आधीच करावा, अशी माझी इच्छा.

शेवटचं, आणि हे मी माझ्या मोठ्या बहिणीला विचारून सांगतोय. अक्का बेळगावला असते. तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. औषधोपचार झाले, केस परत आले, आणि तरी ती चार महिने घराबाहेर पडेना. कारण काय, तर एकही ब्लाउज अंगावर नीट बसत नव्हता. इस्पितळाने सगळं सांगितलं होतं, फक्त घालायचं काय ते कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या गल्लीतल्या टेलरमामांकडे मी तिला घेऊन गेलो. साठीतला माणूस. त्यांनी नजर न उचलता, अत्यंत अदबीने, दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. छातीचे चार भाग केलेच नाहीत. त्या बाजूच्या अस्तराला आतून खिसा केला, कृत्रिम स्तन ठेवायला. त्याला थोडं वजन असलेलं बरं, नाहीतर एका बाजूचा भार गेल्यावर खांदा आणि मान हळूहळू एकीकडे ओढली जातात. त्या हाताची बाही दीड इंच सैल ठेवली. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते आणि घट्ट बाही तिथे काचता कामा नये. सूज दिसली तर डॉक्टरांकडे जायचं, टेलरकडे नव्हे, हे त्यांनीच अक्काला बजावलं. हुक पुढे. गळा थोडा वर, म्हणजे वाकल्यावर पोकळी दिसत नाही.

असे सहा ब्लाउज झाले. सातवा अक्काने स्वतः कापड आणून शिवायला टाकला, गर्द जांभळा, जरीकाठाचा. भाचीच्या साखरपुड्याला तो घालून आली.

पुढच्या भागात पावसाळी कोट आणि रेनकोटचं कापड. तोपर्यंत एक टेप विकत आणा, दहा-वीस रुपयांची कापडी. स्टीलची नको, ती सुताराची.